पुलावर थांबू नये

४ जानेवारी

मावशी,

माझं अक्षर तुला लागत नाही असं तू मागे म्हणाली होतीस, म्हणून हे टाइप करून पाठवते आहे. फोन करत नाही, कारण फोनवर समोरचं माणूस गप्प झालं की आता माझी पाळी आली की ते नुसतं श्वास घेतंय, हे मला कळत नाही.

कामाचं सांगते. आईचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं. हॉस्पिटल घरापासून एकतीस किलोमीटरवर आहे. आत्तापर्यंत त्यांची गाडी न्यायला यायची, ती फेब्रुवारीअखेर बंद होणार आहे. बसने जायचं तर दोनदा बस बदलावी लागते, आणि डायलिसिस झाल्यावर आईला उभं राहवत नाही. दादा दुसऱ्या शहरात. तो म्हणतो, बघू काहीतरी. बाबांची गाडी शेडमध्ये आहे आणि नवी बॅटरी घातली की चालते. म्हणजे फक्त चालवणारं माणूस हवं, आणि घरात आई सोडली तर मीच आहे.

मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी तिथल्या मास्तरांनी उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. ते म्हणायचे, अंदाजाने घ्या. मी विचारायचे, अंदाज म्हणजे किती फूट. ते म्हणायचे, समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघितलं की कळतं. मला चेहऱ्यावरून कळत नाही. एकतिसाव्या वर्षी तपासून घेतलं तेव्हा डॉक्टरांनी कागदावर 'स्वमग्नता' लिहिलं होतं. तो कागद मी मास्तरांना पहिल्याच दिवशी दाखवला होता. ते म्हणाले, चालेल. मग चाललं नाही.

तू सव्वीस वर्षं बायकांना गाडी शिकवलीस. मला लिहून शिकव. लिहिलेलं मी विसरत नाही. शेजारचे काका पूर्वी बस चालवायचे, ते सरावाला बाजूला बसायला तयार आहेत. ते काही बोलत नाहीत, नुसते बसतात. ते बरं आहे.

&nbsp;

१२ जानेवारी

प्रिय ठमे,

आशीर्वाद तुला आहेतच, ते दर वेळी लिहीत बसणार नाही. आधी त्या मास्तराला माझ्या वतीने दोन शब्द सुनाव. सुनावणार नाहीस हे ठाऊक आहे, तेव्हा सोडून दे. ज्याला शिकवता येत नाही तो 'अंदाजाने घ्या' म्हणतो. मीही म्हणायचे, पण माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असायचा.

खरं सांगते, तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, हे काही हिला झेपायचं नाही. मग चहा घेऊन पुन्हा वाचलं. सव्वीस वर्षांत मला नियम पाळणारी विद्यार्थिनी एक मिळाली नाही गं. सिग्नलला गाडी थांबली की आरशात बघून टिकली सारखी करणाऱ्या बाया सगळ्या. तुझ्यासारखी एक मिळाली असती तर माझे केस काळे राहिले असते.

तर हा घे तुझा अंदाज. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की एक, दोन, तीन मोजायचं. तीनच्या आधी तू त्या खांबापाशी पोचलीस तर फार जवळ आहेस. समोरच्याने हात हलवला तर तो 'या' म्हणतोय, 'थांबा' म्हणतोय की माशी हाकलतोय, याचा विचारच करायचा नाही. रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी मोकळा दिसला तरच जायचं. कोणी दिव्यांची उघडझाप केली तरी तेच. मागून हॉर्न वाजला तर तो आपल्यासाठी नाही असं धरायचं. निम्म्या वेळा नसतोच.

बाकीचं सगळं सोबतच्या बारा पानांत आहे. मी स्वतःच आले असते, पण या गुडघ्याने वैताग आणलाय. क्लच दाबला की कळ मस्तकात जाते. ताईला तेवढं सांग.

तुझी मावशी

&nbsp;

२ मार्च

मावशी,

लायसन्स मिळालं. पहिल्या टेस्टला नापास झाले. साहेब म्हणाले, जरा पुढे घ्या. मी जरा घेतली, एक फूट. त्यांना चाळीस फूट हवी होती. दुसऱ्या टेस्टला पास झाले, चूक एकही नाही.

आज आईला पहिल्यांदा नेलं. जाताना शेहेचाळीस मिनिटं लागली. येताना दोन तास. मंडईजवळ रस्ता खणला होता आणि वळणाची पाटी कोणीतरी फिरवून ठेवली होती. बाण सरळ एका भिंतीकडे दाखवत होता. मी थांबले. मागचे हॉर्न वाजवायला लागले, आणि आई म्हणत होती, इकडून घे, अगं तिकडून, घाबरू नकोस, त्या माणसाला विचार. मला झाडांच्या सावल्या काचेवर हलतात त्या, पंख्याची घरघर, पाट्या, सायकलवाला आणि आई, सगळं एकसारखंच मोठं ऐकू येतं आणि दिसतं. त्यातलं काय पुढे ठेवायचं आणि काय मागे, ते आपोआप होत नाही, मला करावं लागतं. मी गाडी कडेला घेतली आणि पन्नास मिनिटं कानांवर हात ठेवून बसले. आई मग रडली. डॉक्टरांचा शब्द चुकीचा आहे. मी स्वतःत मग्न नसते, बाकीच्या सगळ्यात असते.

दोन प्रश्न आहेत. आई बोलते त्याचं काय करायचं? आणि वाटेत नदीवर अडीच किलोमीटरचा पूल आहे. त्याला कडेला जागा नाही, 'थांबू नये' अशी पाटी आहे. तिथे काही बिघडलं तर काय करायचं ते तुझ्या पानांत नाही.

&nbsp;

९ मार्च

प्रिय ठमे,

शाबास. पेढे तूच खा, मला साखर चालत नाही.

आईचा बंदोबस्त केलाय. तिला वेगळं पत्र टाकलं. गाडी सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. तिचं उत्तर आलं, मी काय सामान आहे का? पण कबूल झाली. जन्मात पहिल्यांदा तिने माझं ऐकलं.

पुलाचं नीट वाच. माझ्या एका विद्यार्थिनीची ओढणी दारात अडकली म्हणून तिने असल्याच एका पुलावर गाडी उभी केली. मी ब्रेकवरचा पाय काढून तिच्यावर ओरडते आहे तोवर मागून टेम्पो आला. तिला खरचटलंही नाही. मी आठ महिने अंथरुणात होते. हा गुडघा तिथलाच. तेव्हा पुलावर थांबायचं नाही. टायर बसला तरी हळूहळू पुढे. काहीही झालं तरी पुढे. पूल संपल्यावर कडेला जागा असते, तिथे थांबून काय ते बघायचं.

तुझी मावशी

&nbsp;

२० जून

मावशी,

आजपर्यंत अठ्ठेचाळीस फेऱ्या झाल्या. गाडीला एक ओरखडा नाही. हॉस्पिटलचे वॉचमन मला 'घड्याळबाई' म्हणतात, कारण मी दर खेपेला आठला चार मिनिटं कमी असताना आत शिरते. हे चिडवणं आहे की कौतुक, असं आईला विचारलं. ती म्हणाली, कौतुक.

आई खरंच बोलत नाही. पट्टा लावते, पर्स मांडीवर ठेवते आणि पुढे बघते. सगळं साठवून ठेवते आणि मी किल्ली काढली की एका दमात सांगते. वाटेत दिसलेलं कुत्रं, दादाचा मेसेज, कोणाच्या गच्चीवर काय वाळत होतं. मग आम्ही पाच मिनिटं तशाच बसून बोलतो. मला ती पाच मिनिटं आवडतात.

तिचं वजन कमी झालं आहे. ग्रंथालयात पुस्तकं बांधायचं काम मी आता दुपारीच करते. साहेबांनी वेळ बदलून दिली.

&nbsp;

३ ऑक्टोबर

ठमे,

तुझ्याकडून येऊन आठवडा झाला. तिथे असताना तुझ्याशी एक शब्द नीट बोलता आला नाही. तू माणसांनी भरलेल्या घरातून उठून शेडमध्ये गेलीस आणि गाडी धूत बसलीस. तुझी आई जाऊन दोन दिवस झाले होते आणि तू चाकं घासत होतीस. लोक बघत होते. मीही बघत होते.

दादाने मला सगळं सांगितलं. वॉचमन त्याला म्हणाला, बाईंनी गाडी रोजच्यासारखी दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या बरोबर मधे लावली, कुलूप घातलं, चालत आल्या आणि म्हणाल्या, माझी आई गाडीत वारली आहे. आवाजात काही नाही, डोळ्यांत काही नाही. ठमे, ती तुझ्या हातभर अंतरावर गेली. तुला कळलंच नाही? पाऊण तासात एकदाही मान वळवून बघावंसं वाटलं नाही?

मी हे लिहायला नको, कळतंय मला. पण ती माझी एकुलती एक बहीण होती. शेवटी ती काही म्हणाली का, एवढंच सांग.

&nbsp;

१० ऑक्टोबर

मावशी,

सांगते. सात वाजून दहा मिनिटांनी निघालो. आईने पट्टा स्वतः लावला. पेट्रोलपंपापाशी लाल सिग्नल होता, चाळीस सेकंद. शाळेसमोर एक बाई तीन मुलांना घेऊन रस्ता ओलांडत होती, मी थांबले. आईने त्यांच्याकडे पाहिलं. रेल्वे फाटक उघडं होतं. नदी ओलांडली. मंडईपाशी भाजीची हातगाडी आडवी होती, ती जाईपर्यंत एक मिनिट गेलं. सात छप्पन्नला आत शिरले. पट्टा काढायला हात लावला तेव्हा कळलं.

आई काही म्हणाली नाही.

पट्ट्यांच्या मधे लावली, कारण वेडीवाकडी लावली तर उचलून नेतात, आणि आई आत होती. कुलूपही त्यासाठीच घातलं. शेडमध्ये गेले, कारण घरात तेवीस माणसं एकदम बोलत होती.

दादाने लायसन्स ऑफिसला अर्ज दिला आहे. त्याने माझा डॉक्टरांचा कागद जोडला आहे. अशा व्यक्तीला गाडी देणं धोक्याचं आहे असं लिहिलं आहे. माझी पुन्हा टेस्ट घेणार आहेत.

&nbsp;

१८ ऑक्टोबर

प्रिय ठमे,

माझं मागचं पत्र फाडून टाक. पट्ट्यांचं वाचलं. चुकले गं.

पण आता मी मावशी म्हणून नाही, मास्तरीण म्हणून विचारते. तू सिग्नलचे सेकंद लिहितेस, मुलं मोजतेस, हातगाडीलाही एक मिनिट देतेस. आणि अडीच किलोमीटरच्या पुलाला दोन शब्द: 'नदी ओलांडली.' तुला खोटं बोलता येत नाही असं सगळे म्हणतात. मला वाटतं येतं, फक्त नीट जमत नाही.

मी रागावणार नाही. पुलावर काय झालं?

मावशी

&nbsp;

३० ऑक्टोबर

मावशी,

पुलावर तिसऱ्या दिव्याच्या खांबापाशी आई म्हणाली, "थांब गं जरा."

सात महिन्यांत गाडीत ती फक्त एवढंच बोलली. आवाज मोठा नव्हता. मला ऐकू आला. मी पाटीकडे पाहिलं. पुढे कडेला जागा नव्हती आणि मागे ट्रक होता. तो तीन सेकंदांपेक्षा जवळ होता. मी म्हटलं, पूल संपला की थांबते. आईने माझ्या बाहीला धरलं. मी गिअर बदलला तेव्हा तो हात निसटला.

चाळीसच्या वेगाने पूल संपायला साडेतीन मिनिटं लागली. मी वेग वाढवला नाही, तिथे मर्यादा चाळीस आहे. पूल संपल्यावर कडेला थांबले आणि वळून पाहिलं. दोनदा हाक मारली. डोळे अर्धे उघडे होते. तेव्हाच कळलं, पार्किंगमध्ये नाही. डॉक्टर अकरा मिनिटांवर होते म्हणून मी पुढे चालवत राहिले. भाजीची हातगाडी खरी आहे.

डॉक्टर म्हणाले, हृदय एकदम बंद पडलं, तुम्ही थांबला असतात तरी उपयोग नव्हता. मी विचारलं, थांबले असते तर आईला बरं वाटलं असतं का. ते म्हणाले, ते मला सांगता येणार नाही.

हे मी दादाला सांगितलेलं नाही. तुला खोटं सांगितलं, कारण नियम तुझा होता, आणि तुला कळलं असतं तर तू तो चुकीचा होता असं म्हणाली असतीस. मग मी तो पाळला ते कशासाठी?

&nbsp;

६ नोव्हेंबर

ठमे,

चार कागद फाडले. हा पाचवा. हाही धड नाही.

नियम चुकीचा नव्हता. पण ताई माझ्या शेजारी बसून 'थांब' म्हणाली असती, तर मी थांबले असते. पाटी वाचून, मागचा ट्रक बघून, हा मोडका गुडघा घेऊन थांबले असते. ते मी तुला लिहिलं नाही, कारण मला वाटलं, असलं काही लिहावं लागत नाही. ज्या मुलीला मी फूट आणि सेकंद लिहून दिले तिला हेही लिहून द्यायला हवं, एवढी अक्कल सव्वीस वर्षं शिकवून मला आली नाही.

आणखी आहे. तू तुझं सांगितलंस, तेव्हा मीही लपवणार नाही. एप्रिलमध्ये ताईचं पत्र आलं होतं. 'गाडीत कधीकधी छातीत कसंतरी होतं, घाम फुटतो. पण बोलले तर पोरीचं लक्ष जाईल, म्हणून गप्प बसते.' मी उत्तर लिहिलं, बरं करतेस. पुढच्या वेळी डॉक्टरांना सांग, असंही लिहिलं होतं, पण आधी लिहिलं ते 'बरं करतेस'. तिने डॉक्टरांना सांगितलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही, आणि तुला कळवलं नाही.

आणि गुडघा. तो मोडका असला तरी जानेवारीत गाडी चालवण्याइतका बरा होता. ताईने मला विचारलं होतं, माझ्याकडे येऊन राहा, गाडी तू चालव. मी नको म्हटलं, कारण आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक दाबून मला कंटाळा आला होता, आणि माझं दोन खोल्यांचं घर मला सोडवत नव्हतं. म्हणून तुला बारा पानं पाठवली.

दादाला मी फोन केला. सगळं सांगितलं, एप्रिलच्या पत्रासकट. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, अर्ज मागे घेणार नाही.

मी तुझ्याकडे येऊन राहू का? नको असेल तर तसं लिही. तुझं 'नको' मला समजेल.

मावशी

&nbsp;

५ डिसेंबर

मावशी,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. मला तुझा राग आला आहे. किती आला आहे ते ठरवता येत नव्हतं, म्हणून उत्तराला उशीर झाला. अजूनही ठरलेलं नाही.

टेस्ट एकवीस तारखेला झाली. या वेळी एक बाई होत्या. त्यांनी मला दीड तास गावभर फिरवलं, खणलेल्या रस्त्यावरूनही नेलं. चूक एकही नाही. त्यांनी दादाचा अर्ज निकाली काढला आणि मला म्हणाल्या, सगळे असे चालवतील तर आमचं काम संपेल. मी म्हटलं, माझी आई गाडीत वारली. त्या म्हणाल्या, हो, वाचलं आहे.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी एकटी पुलावर गेले. रविवारी गाड्या कमी असतात. तिसऱ्या दिव्यापाशी चारही इंडिकेटर लावले आणि थांबले. शेजारच्या सीटकडे वळून पाहिलं. आई असताना गाडी चालू असेपर्यंत मी तसं एकदाही पाहिलं नव्हतं. पट्टा अडकवलेला होता. सीटच्या कडेला शिवण थोडी उसवली आहे, ते मला माहीत नव्हतं. मागून येणारे हॉर्न वाजवून बाजूने जात होते. मी साडेतीन मिनिटं थांबणार होते, पण निघता आलं नाही. हात स्टिअरिंगवर होते आणि हलत नव्हते. मी रडत होते, ते मला शर्टाची कॉलर ओली झाल्यावर कळलं.

वीस मिनिटांनी एक ट्रॅफिक पोलीस मोटारसायकलवरून आला. त्याने विचारलं, गाडी बंद पडली का. मी नाही म्हटलं. मग का थांबलात? मी म्हटलं, थांबायला सांगितलं होतं. कोणी? आईने. त्याने वाकून मागच्या सीटवर पाहिलं, मग पुढच्या. तो गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून मागच्या गाड्या बाजूने काढून देत राहिला, माझे हात हलेपर्यंत. पूल उतरल्यावर त्याने मला कडेला घेतलं आणि लायसन्स जमा केलं. तीन महिने मिळणार नाही. नियमाप्रमाणे ते बरोबर आहे, तिथे कोणी मेलं असतं. त्याला ते लिहिताना वाईट वाटत होतं, असं मला वाटतं. चेहऱ्यावरून नाही, त्याने तारीख दोनदा चुकवली.

दादाचा मेसेज आला की तो हेच सांगत होता. मी उत्तर दिलं, हो.

तू ये. राग असताना माणूस घरात राहू शकतं, दादा लहानपणी राहायचा. चौदा तारखेची सकाळची बस नऊ दहाला इथे पोचते. मी स्टँडवर चालत येईन. घरापर्यंत मला चाळीस मिनिटं लागतात, तुला किती लागतील ते माहीत नाही. सामान दोघींना हातात धरता येईल एवढंच आण.

खोली एकच रिकामी आहे, आईची. पलंगावरची चादर मी अजून बदललेली नाही. तुला त्यावर झोप येणार नसेल तर बदलते. चालणार असेल तर राहू दे.